पुराच्या पाण्यातील जाळे

मृगाचा पाऊस लागून मांजरा आणि लेंडीचे पाणी गढूळ झाले की देगलूर परिसरातील भोई समाजाची जाळी बाहेर निघतात. पूर चढू लागला म्हणजे मासा मुख्य धार सोडून काठच्या संथ, उथळ पाण्याकडे सरकतो. काठावरून फेकजाळे टाकणाऱ्या गरिबाला चार मासे मिळण्याचे दिवस ते हेच. जिवाला सर्वांत अधिक धोका असतो तोही याच दिवसांत.

मासळीच्या दृष्टीनेही हाच काळ नाजूक होय. रोहू, कटला, मृगळ हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यातच अंडी घालतात; साचलेल्या तळ्यात त्यांची वीण आपोआप होत नाही. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी कार्प माशांची वीण इंजेक्शनच्या साहाय्याने घडवून आणली आणि तळ्यांच्या बीजाचा प्रश्न सुटण्याची वाट खुली झाली. नदीला मात्र अजूनही पुराचीच वाट पाहावी लागते. तेव्हा विणीच्या काळात जाळे टाकू नये, हा उपदेश शास्त्राला धरूनच आहे. प्रश्न एवढाच की, त्या संयमाची किंमत कोणी मोजावयाची?

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात बंदीच्या वा मंदीच्या तीन महिन्यांसाठी मच्छीमाराच्या हाती एकूण ४५०० रुपये पडावेत, अशी तरतूद करण्यात आली. त्यांतील १५०० रुपये त्याने स्वतःच साठवावयाचे. हिशेब केला तर कुटुंबास दिवसाला ५० रुपये येतात, आणि त्यांतला तिसरा हिस्सा त्याचाच! तेही नोंदणीकृत संस्थेचे सभासदत्व असेल तर. एका जाळ्यावर पोट भरणाऱ्या नदीकाठच्या माणसाजवळ ते कितीदा असते?

आता पूर केवळ आभाळातून येत नाही. १९२३ ते १९३१ या काळात बांधलेले निजामसागर मांजरेवर वरच्या अंगास आहे. त्याचे दरवाजे उघडले की खाली पाणी चढते. गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. दोन राज्यांच्या पाण्याचा हिशेब असा काटेकोर झाला. काठावरील श्रमिकाला वेळेवर इशारा कोणी द्यावयाचा, हे मात्र कोणी ठरविले नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव या गावांत लेंडीचे पाणी शिरले आणि माणसे दगावली. घरात झोपलेल्यांची ही गत, तर कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्याचे काय?

‘पुरात उतरण्यास त्याला कोणी सांगितले?’ असे सुखवस्तू माणूस विचारतो. उत्तर सरळ आहे: भुकेने सांगितले. ज्याच्या घरी दोन दिवसांचे धान्य आहे, तो पुराकडे काठावरून पाहतो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तो तलावाच्या ठेकेदारापाशीच थांबता कामा नये. विणीच्या काळासाठी जगण्यापुरता निर्वाहभत्ता, दरवाजे उघडण्यापूर्वी सीमेपलीकडून थेट गावात पोहोचणारा इशारा आणि नदीवरील प्रत्येक मच्छीमाराची नोंद, या तीन मागण्या आहेत. यांतील नोंदीचे काम कार्यकर्त्यांना सरकारची वाट न पाहता सुरू करता येईल. भोईवाड्यांत बसून अर्ज भरून घ्यावेत, संस्था उभ्या कराव्यात. अपघाती मृत्यूनंतर मिळणारे पाच लाखांचे विमा संरक्षणही नाव नोंदलेल्यालाच मिळते.

नदीने मासे राखावेत असे वाटत असेल, तर समाजाने आधी मासे धरणारा माणूस राखला पाहिजे.