खाल्ले तेवढे अंगी लागते का?



वराहपालनात निम्म्याहून अधिक खर्च खुराकाचा. म्हणून पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा पाहून लगेच पेंड उचलू नका. पोटात गेलेले सारेच अंगी लागत नाही.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ती लहान आतड्यात सुटी होऊन रक्तात गेली, तरच अंगावर मांस भरते. मक्याच्या भरड्यात लायसीन हे आम्ल सर्वांत आधी कमी पडते. जोडीतला एक बैल अडला की नांगर थांबतो, तसेच इथेही होते. भुईमुगाच्या पेंडीत प्रथिने सोयाबीन पेंडीच्या जवळपास, पण लायसीन साधारण निम्मेच!

मग घरचे सोयाबीन कच्चेच घालावे का? मुळीच नाही. कच्च्या दाण्यातील एक घटक ट्रिप्सिन या पाचक द्रव्याला अडवतो. उष्णतेने त्याचा जोर मोडतो. शिजवलेल्या सोयाबीनवर उंदीर चांगले वाढतात, हे ऑस्बोर्न व मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९१७ मध्येच दाखवले. दाणे रात्रभर भिजवा, पाणी बदला आणि अर्धा तास चांगले उकळा. भाजणार असाल तर करपू देऊ नका. करपलेल्या दाण्यातील लायसीन साखरेशी बांधले जाते आणि जनावराच्या उपयोगी पडत नाही.

पिले पोटभर खाऊनही खुरटलेली दिसली, तर खुराक वाढवण्याआधी एवढे पाहा : दाणा कच्चा तर नाही ना? करपलेला तर नाही ना?