चूल आणि गोठा : आधी रेडकू, मग खरवस

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून भाची आली होती. तिने मोबाइलवर एक गोड पदार्थ दाखवला आणि म्हणाली, "मावशी, हे आपण घरी करू या." काचेच्या पेल्यात पांढराशुभ्र, पिंजलेल्या कापसासारखा. नाव व्हाइट चॉकलेट मूस. पांढरे चॉकलेट म्हणजे कोकोच्या बियांतले लोणी, साखर आणि दुधाची भुकटी. ते वितळवायचे, घोटून फुगवलेल्या गार क्रीममध्ये हलक्या हाताने मिसळायचे आणि फ्रीजमध्ये ठेवायचे. मूस या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी फेस. मी तिला म्हटले, "बाई गं, आपल्या म्हशीची साय घोटायला घेतली की फेस धरायच्या आत लोणी होतं, आणि फ्रीज गार व्हायच्या आत वीज जाते. त्यापेक्षा जरा गोठ्यात बघ."

गोठ्यात आमची म्हैस आदल्या दिवशी व्यायली होती. मग काय, खरवस केला. भाचीने दोन वड्या खाल्ल्या, तिसरी हातात घेतली आणि विचारले, "मावशी, यात अंडं नाही, चायना ग्रास नाही, मग हा थिजतो कसा?"

प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक असायला हवे. मला ते फार उशिरा कळले आणि त्याची किंमत आमच्या घराने मोजली. म्हणून आजचे हे पान.

म्हशीच्या नेहमीच्या दुधात प्रथिने शेकडा चारच्या आसपास असतात. पहिल्या धारेच्या चिकात ती कितीतरी पट जास्त असतात. त्यातला मोठा भाग म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्ये. वाफ लागली की हीच प्रथिने एकमेकांना धरून ठेवतात आणि चिकाची वडी होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खरवस नीट पडत नाही, कारण तोवर ही द्रव्ये कमी झालेली असतात. म्हणजे आपल्या ताटात जे थिजलेले येते, तेच रेडकाचे कवच असते.

माणसाच्या बाळाला आईकडून यातला काही वाटा पोटात असतानाच मिळतो. गाई-म्हशींचे तसे नाही. त्यांच्या वारेतून ही द्रव्ये पलीकडे जात नाहीत. रेडकू जन्माला येते ते अगदी रित्या हाताने. चीक पोटात गेला की आतड्यातून ती द्रव्ये सरळ रक्तात उतरतात, पण हा दरवाजा फार वेळ उघडा राहत नाही. पहिल्या काही तासांत तो सताड उघडा असतो, मग मिटत जातो आणि एका दिवसात जवळजवळ बंद होतो. दुसऱ्या दिवशी घागरभर चीक पाजला तरी पहिल्या दिवसाची भरपाई होत नाही.

हे आम्हाला ठाऊक नव्हते तेव्हाची गोष्ट. 1986 च्या कार्तिकात आमची म्हैस पहाटे व्यायली. अस्सल पंढरपुरी, तलवारीसारखी लांब शिंगे मागे पाठीकडे गेलेली. सोलापूर, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतली ही जात कोरड्या हवेत, जेमतेम चाऱ्यावर तग धरते, म्हणून तर आपल्याकडे ती घरोघर. आमच्या घरात रीत अशी की वार पडल्याशिवाय कासेला हात लावायचा नाही. सासूबाईंनी सांगितले, "वार पडू दे, तवर त्याला लांब बांध." रेडकू धडपडत कासेकडे जायचे आणि मी त्याला ओढून पुन्हा खुंट्याला बांधायचे. दुपारी तीनला वार पडली. मग धार काढली. सात घरी चीक गेला, उरलेल्याचा घरात खरवस झाला आणि रेडकाच्या वाट्याला शेवटचे चार घोट आले. त्यातून तो नर. कोणाला फारसे वाटलेही नाही.

आठव्या दिवशी त्याला पांढरी हगवण लागली आणि अकराव्या दिवशी ते गेले. त्यानंतर म्हशीने पान्हा सोडला नाही. दोन्ही वेळचे मिळून सहा लिटर देणारी म्हैस दोन लिटरवर आली आणि दोन महिन्यांत आटली. सोसायटीचा हप्ता तिच्याच दुधावर जायचा होता. शेवटी मामंजींनी तिला सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात नेले. बाजारात भाव कासेला असतो. आटलेल्या म्हशीचे जे आले, ते हातात घेऊन ते घरी आले आणि न जेवता निजले. सात घरचा खरवस आम्हाला एका म्हशीला पडला.

नंतर एकदा जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितले तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांना त्यांच्या सासूने तसेच शिकवले होते, आणि दोर तर माझ्याच हातात होता.

तेव्हा मैत्रिणींनो, म्हैस व्यायली की वारेची वाट पाहू नका. रेडकाचे नाक-तोंड पुसा, कास कोमट पाण्याने धुवा, प्रत्येक सडाची पहिली धार सोडून द्या आणि तासाभराच्या आत त्याला कासेला लावा. रेडकू चोखू लागले की म्हशीचे गर्भाशयही आकसू लागते, त्याने वार पडायला मदतच होते. बारा तासांत वार पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा. तिला वीट बांधणे किंवा हाताने ओढणे हे प्रकार बंद करा. आणि पडलेली वार म्हशीला खाऊ देऊ नका, लांब पुरून टाका.

किती पाजायचे? रेडकाच्या वजनाचा दहावा हिस्सा, पहिल्या दिवसात. तीस किलोचे रेडकू असेल तर तीन लिटर. एकदम नाही, तीन-चार वेळा करून, पण त्यातला मोठा वाटा पहिल्या दोन-तीन तासांतच पोटात गेला पाहिजे. उभे राहता येत नसेल तर चीक काढून बाटलीने पाजा. नरसाळ्याने घशात ओतू नका, फुफ्फुसात जातो. नर असला तरी माप तेच. दया म्हणून करायचे तर करा, नाहीतर हिशेब म्हणून करा. रेडकू जगले तर म्हैस पान्हावते.

आता खरवस. माझे मत विचाराल तर चांगला खरवस दुसऱ्या दिवशीच्या चिकाचा. पहिल्या दिवशीचा फार घट्ट पडतो आणि त्यावर हक्कही आपला नाही. तरी घरात नैवेद्य असेल, पोरे मागे लागली असतील, तर रेडकाचे पोट भरल्यावर एक वाटी काढून घ्या. एका वाटीत दोन वाट्या, चीक फारच दाट असेल तर तीन वाट्या दूध सहज मावते. पाच माणसांचे तोंड गोड होते. दुसऱ्या दिवशीच्या चिकाला बरोबरीने दूध, तिसऱ्या दिवशीच्याला दूध नकोच. पण हे अंदाज. प्रत्येक म्हशीचा चीक वेगळा. म्हणून मिश्रण झाले की त्यातले चमचाभर एका छोट्या वाटीत घालून वाफवून बघा. दगडासारखे झाले तर दूध वाढवा, पातळ राहिले तर चीक.

चीक गाळून घ्या. दूध तापवून पूर्ण गार केलेले हवे. कोमट घातले की गुठळ्या झाल्याच. चार वाट्या मिश्रणाला वाटीभर बारीक चिरलेला गूळ, विरघळवून पुन्हा गाळा, उसाची चिपाडे आणि खडे निघून जातात. गूळ आधी जिभेवर ठेवून बघा. आंबूस असेल तर दूध फाटते. भाचीच्या त्या पेल्यातल्यासारखा पांढरा हवा असेल तर साखर घाला. गुळाचा तांबूस होतो, पण मला तोच आवडतो. वरून वेलदोड्याची पूड आणि जायफळ किसून.

पसरट पातेल्यात पाणी उकळा, त्यात बसके कडे ठेवा आणि त्यावर चिकाचे भांडे. भांड्यावर ताटली हवीच, नाहीतर झाकणाचे पाणी ठिबकून वर डबकी पडतात. चुलीतला जाळ मागे ओढा. घाईचा मोठा जाळ लागला की खरवसाला भोके पडतात आणि पाणी सुटते. पंचवीस-तीस मिनिटांनी मधोमध सुरी घाला, कोरडी निघाली की उतरवा. पूर्ण निवल्याशिवाय वड्या कापू नका. ही शिकवण पोरांना कधीच पटत नाही.

चिकात रक्ताची झाक दिसली, सड सुजलेला असेल किंवा म्हशीला औषधाची सुई दिलेली असेल तर खरवस करू नका. कच्चा चीक चाखण्याची काही घरांत सवय आहे, तीही सोडा. कच्च्या दुधातून माणसाला ताप जडतात. आणि पहिल्या पाच दिवसांचे दूध डेअरीच्या कॅनमध्ये घालू नका. तापवताना ते फाटते आणि एकीमुळे साऱ्यांचे दूध जाते.

दुभती जास्त असेल आणि रेडकाचे भागून पहिल्या दिवसाचा चीक उरत असेल, तर घरात फ्रीज असलेल्यांनी तो स्वच्छ बाटलीत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. गोठलेला चीक महिनोन्‌महिने टिकतो. शेजारच्या गोठ्यात एखादी म्हैस विताना दगावली किंवा तिला दूधच उतरले नाही, तर त्या रेडकाला तो उपयोगी पडतो. वितळवताना बाटली कोमट पाण्यात ठेवा, कढत पाण्यात कधीच नाही. कढत पाण्यात त्याचा बाटलीतच खरवस होतो आणि रेडकाला त्याचा काही फायदा उरत नाही.

भाची जाताना म्हणाली, "पुण्यात मी चीक कुठून आणू?" तिला सांगितले ते तुमच्याही शहरातल्या मुलींना कळवा. कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, त्याच डब्याने मापून एक डबा दूध आणि एक डबा घट्ट, गोड दही. गुठळी न ठेवता घोटायचे, वेलदोडा घालायचा आणि वर सांगितले तसेच वाफवायचे. खरवस नव्हे तो, पण वडी पडते, आणि त्यात कोणाचा घास जात नाही.