माग घेताना पडद्याकडेही पाहा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील आपले कित्येक यंत्रमागधारक बांधव साध्या मागावरून रॅपियर व एअरजेटकडे वळले आहेत. ही समाधानाची बाब आहे. परंतु माग घेताना आपण गती किती, रुंदी किती, वीज किती खाईल एवढेच विचारतो. मागावर बसवलेल्या एलसीडी पडद्याची चौकशी कोणी करीत नाही. हे दुर्लक्ष महागात पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साधा माग बिघडला तर जॉबर पाना घेऊन बसतो. नव्या मागात इंचाला पिक किती, ताण्याला ताण किती, माग कशामुळे थांबला, हे सारे पडद्यावर दिसते आणि तेथूनच बदलावे लागते. पडदा विझला की यंत्र धडधाकट असूनही कारागिराचे हात बांधले जातात.

आम्ही ज्यांच्याकडून ग्रे कापड विणून घेतो, त्यांच्या एका मागाचा पडदा ऐन हंगामात काळा पडला. विक्रेत्याने पूर्ण पॅनेल बदलायला सांगितले आणि ते यायला तीन आठवडे गेले. तोवर आमच्या गिऱ्हाइकाने माल दुसरीकडून उचलला. पुढे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने त्या जुन्या पॅनेलला वीज जोडून त्यावर बॅटरीचा तिरपा उजेड टाकला. अक्षरे अंधुक दिसत होती! म्हणजे पॅनेल शाबूत होते, फक्त मागचा दिवा गेला होता.

एलसीडीला स्वतःचा उजेड नसतो, तो मागच्या दिव्याचा असतो. जुन्या पडद्यांत त्यासाठी बारीक नळी असे, आता एलईडी असतात. दिव्याचे आयुष्य ५०,००० तास सांगतात, म्हणजे तेवढ्या वेळात उजेड निम्म्यावर येतो. रात्रंदिवस चालणाऱ्या मागाचे वर्षाला ८,७६० तास होतात. हिशेब केला तर सहा वर्षेही भरत नाहीत.

जुना माग घेणाऱ्यांनी अधिक जपावे. पूर्वीचे पडदे ४:३ आकाराचे, ६४० बाय ४८० ठिपक्यांचे असत. आता रुंद पडद्यांचे चलन आहे. ७ इंची पडदा बहुधा ८०० बाय ४८० चा असतो. तो जुन्या खाचेत बसत नाही, आणि बसवला तरी जोडणी जुळेलच असे नाही. स्वस्त पडद्याच्या मोहातही पडू नये. साधा पडदा ५० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी असतो, कारखान्याचा ७० पर्यंत टिकणारा मिळतो. आपल्याकडे तर उन्हाळा आणि कापसाची धूळ दोन्ही आहेत. म्हणून पुढची बाजू 'आयपी ६५' दर्जाची, धूळ आत न जाणारी मागावी.

आणखी एक गोष्ट. आमचे शिक्षण उर्दूतून झाले. आपले अनेक कारागीर उर्दू, हिंदी किंवा मराठीच वाचतात. इंग्रजी सूचना न कळल्याने चुकीचे बटण दाबले जाते आणि ठाण बिघडते. रुंद पडद्यावर जागा भरपूर असते. आपली भाषा द्या, असा आग्रह खरेदीपूर्वीच धरला पाहिजे.

तेव्हा बांधवांनो, पैसे मोजण्याआधी पॅनेलचा नंबर, दिव्याचा प्रकार आणि सुटा भाग किती वर्षे मिळेल, हे लेखी घ्या. मागाच्या सर्व सेटिंग वहीत उतरवून ठेवा. आणि घरातील एखाद्या मुलाला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवा. ताणा-बाणा आपल्याला कळतो; आता पडद्यामागचेही कळले पाहिजे.