व्हेरोना : प्रेमकथेच्या सज्जापासून दगडी पुलापर्यंत

रोमिओ आणि ज्युलिएट ही नावे ऐकली नाहीत असा माणूस विरळाच. ज्या शहरात शेक्सपिअरने ही प्रेमकथा घडविली, ते व्हेरोना उत्तर इटलीत मिलान आणि व्हेनिस यांच्या मध्ये वसले आहे. आदिजे नदीने नागमोडी वळण घेत जुन्या शहराला कुशीत घेतले आहे. २००० साली युनेस्कोने या शहराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. गाइडबरोबर पायी निघाले तर अडीच-तीन तासांत व्हेरोनाची चांगली ओळख होते.

रोमन रंगभूमी

फेरफटक्याची सुरुवात बहुधा प्रशस्त ब्रा चौकातून होते. समोरच उभे असते अरेना, म्हणजे पहिल्या शतकातील रोमन प्रेक्षागार. रोमच्या कोलोसियमहूनही ते जुने आहे. त्या काळी तीसेक हजार लोक येथे बसून ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाहत. १११७ सालच्या भूकंपात बाहेरची भिंत कोसळली. तिचा फक्त चार कमानींचा तुकडा आज शिल्लक आहे. १९१३ साली, संगीतकार वेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त, येथे 'आयदा' हा ऑपेरा सादर झाला आणि जुन्या वास्तूला नवे आयुष्य मिळाले. आजही उन्हाळ्यात रात्री उघड्या आकाशाखाली ऑपेरा रंगतो.

तेथून गुलाबी संगमरवरी फरशीच्या माझ्झिनी रस्त्याने चालत गेले की एर्बे चौक लागतो. 'एर्बे' म्हणजे भाजीपाला. थोडक्यात, ही व्हेरोनाची जुनी मंडई. रोमन काळातही लोक येथेच जमत. मधोमध १३६८ सालचे कारंजे आहे. त्यावरची मूर्ती मात्र त्याहून कितीतरी जुनी, रोमन काळातली. बाजूला ८४ मीटर उंचीचा लांबेर्ती मनोरा. जवळच्या एका कमानीखाली चक्क देवमाशाची बरगडी टांगलेली आहे. खरोखरीचा सज्जन माणूस खालून गेला की ती पडेल, अशी दंतकथा सांगतात. ती अजून पडलेली नाही!

कमानीपलीकडच्या चौकात महाकवी दान्तेचा पुतळा आहे. फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेल्या दान्तेला व्हेरोनाच्या स्कालिजेर राजघराण्याने आश्रय दिला होता.

ज्युलिएटचे घर

सर्वांत जास्त गर्दी मात्र कापेल्लो रस्त्यावरच्या एका अंगणात असते. कमानीवर दगडात कोरलेली टोपी दिसते. इटालियन भाषेत 'कापेल्लो' म्हणजे टोपी. हे घर दाल कापेल्लो घराण्याचे होते. कापेल्लो आणि नाटकातले कॅप्युलेट या नावांतील साम्यामुळे ते 'ज्युलिएटचे घर' ठरले. वास्तू मध्ययुगीन आहे, पण ज्या सज्जाखाली जोडपी फोटो काढून घेतात तो खूपच अलीकडचा. १९३६ साली हॉलीवूडचा 'रोमिओ अँड ज्युलिएट' गाजल्यानंतर शहराच्या संग्रहालयांचे संचालक आंतोनिओ आवेना यांनी घराचे नूतनीकरण केले आणि जुन्या दगडी अवशेषांतून हा सज्जा बसविला. शेक्सपिअरच्या संहितेत तर सज्जा हा शब्दही नाही. त्याची ज्युलिएट खिडकीत येते.

अंगणात ज्युलिएटचा ब्राँझचा पुतळा आहे. त्याला स्पर्श केला की प्रेमात यश मिळते, अशी समजूत. इतक्या हातांनी तो झिजला की २०१४ साली मूळ पुतळा आत हलवून बाहेर प्रतिकृती ठेवावी लागली.

हे सारे ऐकून काहींचा हिरमोड होतो. परंतु पत्रांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जगभरातील प्रेमिक ज्युलिएटला पत्रे लिहितात. पाकिटावर 'ज्युलिएट, व्हेरोना' एवढाच पत्ता असला तरी पत्र पोहोचते. १९३०च्या दशकात ज्युलिएटच्या तथाकथित थडग्याच्या रखवालदाराने अशा पत्रांना उत्तरे द्यायला सुरुवात केली. आज 'ज्युलिएट क्लब'चे स्वयंसेवक ते काम करतात. नायिका काल्पनिक, पण लिहिणाऱ्याचे दु:ख खरे असते आणि उत्तर देणाराही खराच.

पाण्यातून परतलेला पूल

अनेक पर्यटक येथूनच माघारी फिरतात. जाणकार गाइड मात्र आणखी काही मिनिटे चालवत नदीवरच्या पोंते पिएत्राकडे, म्हणजे दगडी पुलाकडे नेतो. हा शहरातील सर्वांत जुना पूल. नीट पाहिले तर पलीकडच्या तीरावरच्या दोन कमानी पांढऱ्या रोमन दगडाच्या आणि बाकीच्या तांबड्या विटांच्या दिसतात. एप्रिल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातील सगळे पूल सुरुंगांनी उडविले. दोन हजार वर्षांची परंपरा असलेला हा पूलही नदीत कोसळला.

युद्धाने खंगलेल्या शहराला सिमेंटचा सरळसोट पूल बांधून मोकळे होता आले असते. व्हेरोनाच्या लोकांनी तसे केले नाही. नदीच्या तळातून जुने दगड काढण्यात आले आणि १९५७ ते १९५९ या काळात पूल पुन्हा जसाच्या तसा उभा राहिला. कास्तेलव्हेक्कियो किल्ल्याजवळचा चौदाव्या शतकातील पूलही १९५१ पर्यंत असाच उभारण्यात आला होता. सज्जा पाहुण्यांसाठी बांधला गेला. हे पूल मात्र शहराने स्वत:साठी बांधले. व्हेरोनाचे प्रेम पाहायचे असेल तर ते येथे दिसते.

जाण्यापूर्वी

मिलानहून रेल्वेने सुमारे सव्वा तासात व्हेरोना गाठता येते. भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. दगडी रस्त्यांसाठी नरम तळव्यांचे बूट घालावेत. चर्चमध्ये खांदे झाकणारा पोशाख हवा. ऑपेरासाठी दगडी पायऱ्यांवरचे स्वस्त तिकीट घेतल्यास बसायला उशी न्यावी. शाकाहारींनी पदार्थ मागविण्यापूर्वी चौकशी करावी, कारण येथील पारंपरिक रश्श्यांत घोड्याचे मांसही असते. बटाट्याचे न्योक्की किंवा मक्याच्या पिठाचा पोलेंता लोणी-चीज घालून मागविता येतो. संध्याकाळ मात्र नदीकाठासाठी राखून ठेवावी. पुलापलीकडच्या सान पिएत्रो टेकडीवर पायऱ्यांनी जाता येते आणि मावळतीच्या उन्हात जुने शहर, नदी आणि तो दगडी पूल एका नजरेत सामावतात.