पाठीराख्यांचे देणे

हरणाऱ्या संघावर जीव लावणे म्हणजे काय, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जुन्या क्रिकेटरसिकांना कोणी सांगावयास नको. विदर्भाचा संघ १९५७-५८ मध्ये रणजी स्पर्धेत उतरला. पहिल्या विजेतेपदासाठी मात्र २०१७-१८ चा हंगाम उजाडावा लागला. मधल्या सहा दशकांत दुय्यम ‘प्लेट’ गटाची नामुष्कीही वाट्याला आली. पाठीराख्यांच्या वैतागामागे एक रास्त प्रश्न होता : दोष गुणवत्तेचा की व्यवस्थेचा? चंद्रकांत पंडित यांची करडी शिस्त, फैज फजलचे नेतृत्व आणि वसीम जाफरचा अनुभव यांच्या बळावर संघाने इंदूरला दिल्लीस नमविले, तेव्हा त्याचे उत्तर मिळाले. २०१८-१९ व २०२४-२५ च्या विजेतेपदांनी तो योगायोग नव्हता, हेही सिद्ध केले.

तथापि व्यवस्थेने यश मिळते हे मान्य केले, की ती कोठवर पोहोचते हे विचारणे ओघानेच आले. नागपूरहून गडचिरोली सुमारे १७० किलोमीटर. सिरोंचा तर त्याहूनही कितीतरी दूर. जंगलपट्टीतील मुलाने रोजच्या सरावासाठी हे अंतर कसे तोडावे? प्रशिक्षक आणि निवड चाचण्या यांनीच तालुक्यापर्यंत गेले पाहिजे. पराभवात साथ देणाऱ्या मुलखाला विजयात केवळ टाळ्या वाजविण्याचे काम उरावे, हा न्याय नव्हे.