डासांचा बंदोबस्त : धुराने की फावड्याने?

पावसाळ्यात गावात तापाचे रुग्ण दिसू लागले की ग्रामपंचायतीकडे पहिली मागणी होते ती धुराच्या यंत्राची. संध्याकाळी आळीआळीतून पांढरा धूर फिरतो, लोकांचे समाधान होते, आणि आठवडा सरतो न सरतो तोच डास पूर्ववत गुणगुणू लागतात. शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतकरी बंधूंपुढे आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांपुढे आम्हांस असे स्पष्ट मत मांडावयाचे आहे की, डासांचा बंदोबस्त हे मुख्यतः पाण्याच्या व्यवस्थेचे काम आहे, आणि म्हणूनच ते शेतकऱ्याचे काम आहे.

डासाची अंडी, अळी व कोष या तिन्ही अवस्था पाण्यात पार पडतात. उबदार हवेत त्यांस सुमारे आठ ते दहा दिवस पुरतात. अळी डबक्यात कोंडलेली असते. तिला पंख फुटले की ती आपल्या हातातून गेली. धुराने त्या घटकेस उडणारे काही डास मरतात, पाण्यातील अळ्यांस मात्र त्याचा स्पर्शही होत नाही. उसावरील खोडकिडीचा पतंग पकडण्यासाठी कोणी शेतकरी बांधावरून धावत नाही; तो अंडी व अळी यांचाच नायनाट करतो. तोच न्याय येथेही लावावयास हवा. साथ ऐन भरात असता आरोग्य खात्याच्या सल्ल्याने धुरळणी करणे योग्यच. तथापि वर्षभर तिच्यावरच विसंबणे म्हणजे पैशाचा धूर करणे होय.

केवळ औषधावर भिस्त ठेवल्याने काय होते, याचा धडा आपल्या देशाने एकदा घेतला आहे. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू वाढतो हे सर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे पाहिले. पुढे डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांतातील उत्तर कानडा व धारवाड जिल्ह्यांत डीडीटीच्या फवारणीचे प्रयोग केले. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यापूर्वी देशात वर्षाला साडेसात कोटी लोक हिवतापाने आजारी पडत. १९६५ मध्ये ही संख्या सुमारे एक लाखावर आली. हे यश मोठे होते. परंतु डासांच्या अंगी औषधास दाद न देण्याची शक्ती आली, कामात ढिलाई शिरली, आणि १९७६ मध्ये रुग्णांची संख्या पुन्हा चौसष्ट लाखांच्या घरात गेली. आज पिकांवर आणि डासांवर वापरली जाणारी कित्येक औषधे एकाच कुळातील आहेत. शेतातील अनावश्यक फवारणीचा अंश चारीत व डबक्यात उतरतो आणि डासांनाही त्याची सवय होऊ लागते, हे ध्यानात ठेवावे.

सर्व डास एकाच पाण्यात वाढत नाहीत. दौंडच्या कालव्याखालील भागात आवर्तन संपल्यावर चाऱ्यांतून, गळतीच्या जागी व खाचखळग्यांत जे स्वच्छ पाणी साचून राहते, ते हिवतापाच्या अ‍ॅनॉफिलिस डासास मानवते. मोरीच्या, गटाराच्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो. मुळा-मुठा व भीमेच्या पात्रात जलपर्णी माजते तेथे पाणी संथ होते व अळ्यांना आडोसा मिळतो. उलट शिरूरच्या पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई यांसारख्या अवर्षणप्रवण गावांत पाणी रांजण, हौद व टाक्यांत साठवावे लागते. तेथे दिवसा चावणारा एडिस डास वाढतो. डेंगी, चिकुनगुन्या व झिका हे रोग तोच पसरवितो. हा डास आपल्या जन्मस्थानापासून सहसा शंभर-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. म्हणजे डेंगीचा डास आपल्याच किंवा शेजारच्या घरी जन्मलेला असतो. राज्यातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये दौंडला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात, बेलसर येथे आढळला. तेव्हा हे शहराचे रोग आहेत असे समजून खेड्याने स्वस्थ बसणे परवडणारे नाही.

उपाय साधे आहेत, मात्र ते नियमाने व्हावयास हवेत. आठवड्यातून एक दिवस ठरवून सर्व भांडी, हौद व टाक्या रिकाम्या कराव्यात आणि आतून घासून काढाव्यात. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेलगत चिकटतात व कोरड्यातही महिनोन् महिने जिवंत राहतात, म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. टायर, डबे व नारळाच्या करवंट्या उघड्यावर ठेवू नयेत. संडासाच्या वायुनळीस जाळी बांधावी. ज्या हौद-विहिरींचे पाणी उपसता येत नाही, तेथे गप्पी मासे सोडावेत. मात्र नदी-ओढ्यांत ते सोडू नयेत, कारण तेथील मूळच्या माशांस त्यांचा उपद्रव होतो. शेततळ्याच्या काठचे गवत काढीत जावे. आवर्तनानंतर चारीतील खळगे भरून घ्यावेत. सांडपाण्यासाठी सुमारे चार फूट लांब, रुंद व खोल शोषखड्डा घ्यावा. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते, म्हणून तेथे तो मोठा करावा आणि पिण्याच्या विहिरीपासून दूर ठेवावा.

शेतीच्या धांदलीत हे कोणी करावयाचे, असा प्रश्न विचारला जाईल. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे हटविली आणि डासमुक्त गाव म्हणून नाव मिळविले. शोषखड्ड्यांची कामे रोजगार हमीतूनही होऊ शकतात. एका घराने केलेले काम शेजाऱ्याच्या उघड्या हौदाने वाया जाते, म्हणून हे काम आळीने एकत्र करावे. कार्यकर्त्यांनी पिकावरील कीड पाहावयास शिवारात जाता-जाता वाटेवरील चारी व वस्तीवरील हौदही पाहावा आणि अळी दिसल्यास घरधन्यास ती तेथल्या तेथे दाखवावी. वाटीभर पाण्यात वळवळणारी अळी पाहिल्यावर सहसा व्याख्यानाची गरज उरत नाही.

ग्रामसभेत पुढील खेपेस धुराच्या यंत्राचा विषय निघेल, तेव्हा त्याआधी किती घरांना शोषखड्डा नाही, एवढे मोजून पाहावे. ती यादी हाती आली की पैसा कोठे खर्च करावयाचा हे वेगळे सांगावे लागणार नाही.