पोसायचं असेल तर नाव लावा



आज थोडं भांडायला बसले आहे. विषय आहे घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या परवान्याचा. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर गेले काही दिवस यावर बरंच लिहून झालं. बहुतेकींचा सूर एकच, "जीवदया आमच्या रक्तात आहे, आम्हाला महापालिकेचा कागद कशाला?" माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ज्यांच्या रक्तात जीवदया आहे त्यांनी हा कागद सगळ्यांच्या आधी काढायला हवा. आणि तो मर्जीवर सोडलेला नको, सक्तीचाच हवा.

आधी हा कागद म्हणजे काय ते बघू. पुण्यात कुत्रं पाळायचं तर महापालिकेचा परवाना पूर्वीपासूनच लागतो. 2022 मध्ये मांजरांसाठीही तो आणायचं ठरलं, तेव्हा फी ठरली वर्षाला 50 रुपये. मुंबईतही कुत्र्याचा परवाना सक्तीचा आहे. मागतात काय? तुमच्या पत्त्याचा पुरावा, प्राण्याचा फोटो आणि रेबीजची लस दिल्याचा दाखला. मुदत संपली की पुन्हा नोंद करायची, म्हणजे लस दिली की नाही हे तुम्हाला कुणीतरी विचारणार. एवढंच. यात देवाधर्माच्या आड येणारं काय आहे?

स्कूटर घेतली की आपण आरटीओत नोंद करतो. भाडेकरू ठेवला की पोलीस चौकीत त्याची माहिती देतो. फ्रीजचं वॉरंटी कार्डसुद्धा फाइलला लावून ठेवतो. आणि बारा-चौदा वर्षं आपल्या घरात राहणाऱ्या, आपल्या पावलांचा आवाज ओळखणाऱ्या जिवाचं नाव मात्र कुठल्याच कागदावर नाही.

नाव नसलं की काय होतं ते आमच्या सोसायटीने पाहिलं आहे. एक भाडेकरू कुटुंब दुसऱ्या शहरात गेलं. त्यांचा लॅब्रॅडॉर वॉचमनकडे ठेवला, "आठ दिवसांत येऊन नेतो" म्हणाले. आठ दिवसांचे दोन महिने झाले आणि फोन बंद. तो कुत्रा त्यांची गाडी लागायची त्या पार्किंगमध्ये बसून असायचा. पहिले काही दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. आम्ही बायकांनी पाळ्या लावून त्याचं खाणंपिणं बघितलं. तक्रार द्यायला गेलो तेव्हा प्रश्न आला, "कुत्रा त्यांचाच कशावरून?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. सगळ्या इमारतीला माहीत होतं, पण कागदावर तो कुणाचाच नव्हता.

कायदा नाही असं नाही. प्राण्यांशी क्रूरतेने वागण्याला बंदी घालणारा कायदा 1960 चा आहे. पाळलेला प्राणी उपाशीतापाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड किती? कमीत कमी 10 आणि जास्तीत जास्त 50 रुपये. तोही वसूल करायचा तर मालक कोण हे आधी सिद्ध व्हावं लागतं. नाव नाही म्हणजे मालक नाही, मालक नाही म्हणजे गुन्हेगार नाही. उरतो फक्त पार्किंगमधला कुत्रा. दंड वाढायलाच हवा, पण आधी दंड लावायला माणूस तर सापडला पाहिजे!

आता शास्त्राकडे येते, कारण सगळ्यांत जोरदार विरोध तिथूनच झाला. एका मावशींनी लिहिलं, "अगं, श्रावकाने कुत्री-मांजरं पाळूच नयेत. मग परवान्याची चर्चा आपल्याला कशाला?" मावशी, तुमचं पहिलं वाक्य खरं आहे. कार्तिकेयानुप्रेक्षेत मांजरासारखे हिंस्र प्राणी पाळणं अनर्थदंडात धरलं आहे, शस्त्रं विकण्याच्या अगदी शेजारी. पण त्यामागचा विचार बघा ना. पाळलेल्या प्राण्याने केलेल्या हिंसेचा वाटा पाळणाऱ्याकडे येतो. तो प्राणी काय करतो, कुणाला चावतो, कुणाचं पिल्लू मारतो, याला तुम्ही जबाबदार आहात. परवाना याच्यापेक्षा वेगळं काय सांगतो? शास्त्राने जबाबदारी पाळणाऱ्यावर टाकली, महापालिका तीच जबाबदारी लिहून घेते.

आणि खरं सांगू का, पाळू नये म्हणता म्हणता आपल्या घरांत प्राणी आलेच आहेत. नातवाने हट्ट केला, सुनेच्या माहेराहून पिल्लू आलं, कुणी पावसात भिजलेलं मांजर उचलून आणलं. आलेल्या जिवाला आता बाहेर काढा असं कुठलंच शास्त्र सांगणार नाही. जीवंधरकुमारांची कथा आपण पाठशाळेत ऐकली आहे. मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात त्यांनी णमोकार मंत्र म्हटला आणि तो जीव देवगतीला गेला. आपल्या परंपरेने कुत्र्याला पुढची गती असलेला जीव मानलं आहे. खेळणं मानलेलं नाही.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवा. बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. आता 1960 च्या कायद्याचं अकरावं कलम वाचा. मारहाण, जास्त ओझं, आखूड साखळीने तासन्‌तास बांधणं, अवयव तोडणं, पुरेसं अन्नपाणी न देणं. पाचही तिथे आहेत! तत्त्वार्थसूत्रात जे आपण दशलक्षण पर्वात ऐकतो ते सरकारने 1960 मध्ये कायद्यात घातलं. आपण ते शतकानुशतकं पाठ करतो आहोत, आणि तरी आपल्याच फ्लॅटच्या बाल्कनीत दीड हात साखळीला कुत्रं दिवसभर बांधलेलं असतं. घरचे सगळे शिखरजीला गेले की शेजारीण दाराच्या फटीतून बिस्किटं टाकते. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आणखी एक. परिग्रह परिमाण व्रत घेताना आपण मोजतो. शेत किती, घर किती, सोनं किती. त्या यादीतल्या 'धन' शब्दाचा अर्थ आचार्यांनी गाय वगैरे पशू असाच केला आहे. म्हणजे पाळलेला प्राणी आपल्या हिशेबात धरायचा, ही सांगी जुनीच आहे. जो हिशेब गुरूंसमोर द्यायला आपण तयार असतो, तो वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर द्यायला लाज कसली?

"सरकारला आमच्या घरात डोकावायचा काय अधिकार?" असंही एकीने विचारलं. ताई, कुत्रं तुमच्या घरात असतं, पण रेबीज घराच्या उंबऱ्याशी थांबत नाही. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आपल्या देशात माणसाला तो होतो मुख्यतः कुत्र्याच्या चाव्यातून, आणि कुत्र्यांना लस देऊन तो रोखता येतो. शेजारच्या गोव्याने हे करून दाखवलं. वर्षानुवर्षं गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस दिली आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. कुत्री न मारता हे झालं, हे आपल्यासारख्यांनी छातीठोकपणे सांगायला हवं. कारण माणसं घाबरली की पहिली कुऱ्हाड मुक्या जनावरावर पडते. ऑगस्ट 2025 मध्ये दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलून कोंडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. पुढे त्याच महिन्यात तो बदलला, नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री परत सोडायची असं ठरलं. पण तो आदेश निघण्याइतकी भीती लोकांत होती ना? ती भीती कमी करायची तर ज्या कुत्र्यांना मालक आहे त्यांची लस आणि त्यांची पिल्लं यांचा तरी हिशेब लागला पाहिजे.

आता ज्यांच्या विरोधात मला तथ्य वाटतं त्यांच्याविषयी. धुणीभांडी करणारी एखादी बाई रस्त्यावरचं पिल्लू घरी नेते, स्वतःच्या ताटातली भाकरी त्याला घालते. तिच्यावर फीचा आणि फेऱ्यांचा बोजा टाकला तर ती उद्या पिल्लू उचलणारच नाही. हे खरं आहे. म्हणून माझी मागणी अशी: गावठी कुत्रं किंवा रस्त्यावरचं मांजर सांभाळणाऱ्याला परवाना फुकट द्या, लसही फुकट द्या, आणि दोन्ही एकाच जागी, एकाच खेपेत. विकत आणलेल्या विदेशी जातीच्या पिल्लासाठी मात्र फी भरपूर ठेवा. हजारो रुपये मोजून हस्की पुण्याच्या उन्हात आणणाऱ्याला 50 रुपये जड जाणार आहेत का? आणि विकणाऱ्यालाही सोडू नका. पैदास करून विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नसतं, हे नियम 2017 पासून आहेत. पिल्लू घेताना नोंदणी क्रमांक विचारणारी आपल्यात कुणी आहे का?

मांजरांबद्दल एक कडू गोष्ट सांगते. मांजर मुळात मांसाहारी. दूध-पोळीवर तिचं शरीर नीट चालत नाही. तिला लागणारं टॉरिन नावाचं द्रव्य निसर्गतः मांसातून मिळतं, ते कमी पडलं की तिचे डोळे आणि हृदय बिघडतं. आपल्या स्वयंपाकघरात ते येणार नाही, येऊही नये. मग हौस म्हणून पर्शियन मांजर आणून तिला अर्धपोटी ठेवणं हा पाचवा अतिचारच झाला. परवान्याच्या फॉर्मवर सही करताना हा विचार एकदा तरी मनात येईल. पिशवीत घालून पिल्लू आणताना तो येत नाही.

मैत्रिणींनो, मुंबईत 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाय आणि अमीचंद शहा यांनी पांजरापोळ उभी केली, ती इंग्रज सरकार रस्त्यावरची कुत्री मारत होतं म्हणून. बेवारशांसाठी ती सोय होती. आज आपणच वारस असून बेवारस निर्माण करतो आणि पांजरपोळीला देणगी देऊन मोकळे होतो. 2025 मध्ये नांदणी मठाची महादेवी हत्तीण जामनगरला नेली तेव्हा आपल्या भागातली माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी चालत गेली. एका मुक्या जिवासाठी एवढं चालणाऱ्या समाजाला वॉर्ड ऑफिसपर्यंत चालणं जड जाऊ नये.

या रविवारी प्रवचनानंतर मंडळाच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. ज्यांच्या घरी कुत्रं किंवा मांजर आहे त्यांनी लसीचा दाखला आणि लाइट बिलाची झेरॉक्स घेऊन यावं. फॉर्म भरायला आम्ही दोघी-तिघी मोबाइल घेऊन बसू. ज्यांच्याकडे लसीचा दाखला नाही त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावं, लाजू नये. आणि ज्यांना अजूनही वाटतं की हा कागद नको, त्यांनी तर नक्की यावं. भांडू, पण समोरासमोर.